खुरपं खुंटीला

आमच्या यवतला पाऊस पंचांगाचं फारसं ऐकत नाही. मृग बहुधा धुळीतच जातो, आर्द्रा ढग दाखवून परत नेते. मावळात आणि घाटमाथ्यावर जे काही सांडायचं ते सांडून झाल्यावर हलके झालेले ढग आमच्या डोक्यावरून दौंड-कुरकुंभाकडे निघून जातात. तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, काळभैरवनाथाच्या देवळाशी वारकऱ्यांसाठी पिठल्याच्या कढया चढतात, घराघरांतून भाकऱ्या येतात. त्या दिवशीसुद्धा गावाभोवतीच्या माळावर डोळ्यांना गार वाटेल असं काही नसतं. कॅनॉलखालचा ऊस हिरवा असतो, पण तो खडकवासल्याच्या पाण्यावर. त्यात आमच्या पावसाचं कर्तृत्व नाही. खरा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा. वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पडायचं, त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात. त्यामुळे आमची रानफुलंही उशिराचीच. मावळात श्रावणात जे सोहळे होतात ते आमच्याकडे गौरी गेल्यावर सुरू होतात. पोळाही आमच्या भागात भाद्रपदातच असतो, आणि बैलांच्या शिंगांना रंग लागतो त्या सुमारास माळालाही लागलेला असतो.

पण फुलं बघायची तर कासला, हे आता ठरूनच गेलंय. कासचं पठार सुंदर आहे यात वाद नाही. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर 2012 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तेव्हापासून सप्टेंबरातला शनिवार-रविवार म्हटला की साताऱ्याच्या वाटेला गाड्यांची रांग. माझी तक्रार कासबद्दल नाही. आमच्या गावातली माणसं पहाटे उठून साताऱ्यापलीकडे फुलं बघायला जातात आणि निघण्याआधी रात्रभर गाडी दारातल्या फुलांवरच उभी असते, एवढंच म्हणणं आहे.

यवतच्या दक्षिणेला डोंगररांग आहे आणि तिच्यावर भुलेश्वर. देऊळ पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीत, पण सोलापूर रस्त्यावरून येणाऱ्याला वाट यवतवरूनच वर चढते. यादवकाळातलं कोरीव काम, स्त्रीरूपातल्या गणेशाची मूर्ती, भोवती सतराव्या शतकात मुरार जगदेवाने बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे उरलेसुरले बुरूज. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. श्रावण संपला की गर्दी उतरते आणि फुलं चढायला लागतात. भाद्रपदाच्या शेवटी सकाळी चालत वर गेलं तर रस्त्याच्या दोन्ही कडांना तरवड पिवळा झालेला असतो. मुरमाच्या उतारावर विष्णुक्रांत जमिनीसरपट पसरलेली, निळी आणि इतकी बारीक, की बूट घालून चालणाऱ्याला दिसायचीच नाही. काटेचेंडूचे गोल, खुळखुळ्याच्या शेंगा, बाजरी निघालेल्या रानात कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे. कुसळी गवत तांबूस झालेलं. खाली आलात की पायजम्याच्या कडेला रुतलेली कुसळं काढत अर्धा तास ओट्यावर बसायचं, हा त्या वारीचा प्रसाद.

ही फुलं घराभोवती असावीत असं वाटलं, तर नर्सरीत जाऊन उपयोग नाही. उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यात रोपवाटिकांची कमतरता नाही. बोन्साय मिळेल, थाई आंबा मिळेल, लॉनचे गुंडाळलेले पट्टे ट्रॅक्टरमध्ये भरून मिळतील. तरवडाचं रोप आहे का विचारलं, तर माणूस आपल्याकडे जरा काळजीनं बघतो. त्यालाही दोष नको; तरवड विकत कोण घेणार? पण आमच्यासारख्यांची घरं ज्या गुंठेवारीच्या तुकड्यांवर उभी आहेत, ती परवापरवापर्यंत बाजरी-मटकीची रानं होती. त्या मातीत बी आधीपासूनच पडून आहे. माझ्या कुंपणालगत पेव्हर ब्लॉक संपले आणि दोन हात रुंदीची मुरमाड पट्टी तशीच राहिली, कारण त्या वर्षी पैसे संपले होते. तिथं आणून लावायचं काहीच नव्हतं. काढणं तेवढं थांबवायचं होतं.

हे बोलायला सोपं आहे. खुरपायला येणाऱ्या मावशींना ते पटवणं अवघड. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "सर, ह्ये सगळं ऱ्हाऊ द्यायचं? लोकं म्हणतील, घरात माणसं ऱ्हात्यात का न्हाई."

"दसऱ्यापर्यंत राहू द्या, मावशी."

"आन् मग मी हजेरी कशाची घिऊ?"

मग असं ठरलं की हजेरी नावं सांगण्याची. पट्टीच्या एका टोकाला बसून खुरप्याच्या पात्यानं एकेक रोप नुसतं टेकवत त्या पुढं सरकत गेल्या. "ह्यो कुरडू. भाजी व्हती ह्याची, पर आता जून झाला. ह्यो केना, ह्याची भजी करा. ह्यो माका, केसाला. ही घोळ. ह्यो सराटा, ह्यो मात्र काढते, पोरं अनवाणी फिरत्यात." मला झाड ओळखायला फूल लागतं, त्यांना दुसरं पान फुटलं की पुरतं. थिओडोर कुक या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या प्राचार्यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. अजूनही अभ्यासक त्याच्यावाचून पुढे सरकत नाहीत. त्यात लॅटिन नावांसोबत बऱ्याच ठिकाणी इथली नावंही दिलेली आहेत. ती नावं शेवटी कुणा ना कुणा खुरपणाऱ्या बाईच्या तोंडूनच आलेली असणार, याची मला खात्री आहे. पुस्तकात त्यांचं नाव यायचं राहून गेलं.

शेतात खुरपणी हवीच. तण खाई धन, हे शेतकऱ्यानं अनुभवातून म्हटलंय, त्याला फुलांचं कौतुक ऐकवू नये. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला फुललेला दिसला तर कौतुकानं फोटो काढणाऱ्याला शेतकरी बांधावरून हाकलेल, आणि बरोबरच करेल. पण अंगणात तणानं कुठलं धन खायचं? तिथं आपण गुलाबाची चार रोपं, एक जास्वंद आणि कुणीतरी दिलेला मनीप्लँट सांभाळत असतो. तरी खुरपं चालतंच. कारण धनाचं नसतं, लोकलाजेचं असतं. अंगण स्वच्छ म्हणजे मोकळी माती, नाहीतर फरशी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसरीकडे गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारातून पत्रीची जुडी विकत आणायची. तिच्यात माका असतो, आघाडा असतो, नशीब असेल तर विष्णुक्रांत असते. तोच माका मोरीच्या पाण्याच्या कडेला आणि तोच आघाडा भिंतीलगत आपण पंधरा दिवसांपूर्वी उपटून टाकलेला असतो.

माझ्या पट्टीवरचा राजा तरवड आहे. तो पहिल्या वर्षी फुलला नाही, नुसता वाढला. शेळ्या आत घुसल्या तरी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून टिकला. एकेकाळी त्याच्या सालीला चामडं कमावणाऱ्यांकडे मागणी होती, आता त्याला कुणी विचारत नाही. त्याच्याकडे सकाळी आठच्या सुमारास बघावं. तेव्हा काळा भुंगा येतो, लाकूड पोखरणारा, अंगठ्याच्या पेराएवढा. तरवडाच्या फुलात मध नसतो. तो परागासाठी येतो. फुलावर बसला की पायांनी परागकोश घट्ट कवटाळतो, पंख आवरतो आणि सगळं अंग थरथरवतो. उडतानाची जाड घूंघूं क्षणात बारीक आणि चढी होते, कान दिला तर पलीकडच्या पायरीवरही ऐकू येते. ते परागकोश उकलत नाहीत. त्यांना टोकाशी फक्त बारीक भोकं असतात, मीठदाणीसारखी; हलवल्याशिवाय आतलं बाहेर पडायचं नाही. ती हलवायची युक्ती भुंग्याला ठाऊक आहे, पेटीतल्या मधमाशीला नाही. मधमाशी नंतर येते आणि सांडलेलं गोळा करते.

यवतवरून जो पुणे-सोलापूर महामार्ग जातो, तो सोलापुरात थांबत नाही. राष्ट्रीय महामार्ग 65 पुढे हैदराबादला आणि तिथून आंध्रच्या किनाऱ्यावर मछलीपट्टणमला पोचतो. आमच्या दारावरून जाणाऱ्या ट्रकच्या वाटेनं गेलं तर ज्या राज्यात पोचाल, त्या तेलंगणाचं राज्यपुष्प तरवड आहे. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येला तिथे बतुकम्मा सुरू होते, नऊ दिवस चालते. बायका ताटात रानफुलांचे थरावर थर रचून मनोरा करतात, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी तो तळ्यात सोडतात. त्या थरांत तंगेडू तर हवाच, शिवाय गुनुगु लागतो. गुनुगु म्हणजे आपला कुरडू. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "कुरडूची पूजा? आन् आमी आयुष्यभर त्योच उपटला."

त्याच दिवसांत आपल्याकडे भोंडल्याचे फेर असतात आणि घट बसलेले असतात. घटावर रोज एक माळ सोडायची. तिला तरवडाची आणि कारळ्याची फुलं असायची. असायची म्हणतो, कारण आता नऊच्या नऊ माळा झेंडूच्याच होतात. रानातून फुलं वेचून आणायला वेळ कुणाला आहे, आणि रान तरी कुठं आहे? बांध दर नांगरटीला वीतभर अरुंद होत गेले. भावकीचे निम्मे खटले त्याच वीतभरावरून. उरलेल्या बांधावर तणनाशक मारतात, कारण गवत कापायला माणूस मिळत नाही. उसाच्या पट्ट्यात तर बांध तपकिरी आणि पीक हिरवं, असं उलटं चित्र भर पावसाळ्यात दिसतं. म्हणूनच गावातल्या अंगणांना आज जी किंमत आली आहे ती पूर्वी नव्हती. आजोबांच्या परसात रानफुलं नसती तरी चाललं असतं, भिंतीपलीकडे माळच होता.

केन्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या पट्टीवरचा सगळ्यात बेरकी तोच. निळं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं, त्यामुळे उशिरा उठणाऱ्याच्या बागेत केना फुलतच नाही. पण त्याची खरी गंमत मातीखाली असते. रोप हळूच उपटून मुळाशी पाहिलं तर जमिनीत गेलेल्या पांढुरक्या फांद्या सापडतात आणि त्यांना बारीक कळ्या. ही फुलं कधीच उमलत नाहीत, उजेड बघत नाहीत, बंद असतानाच स्वतःचं बी धरतात. वरचं फूल माशांसाठी, खालचं फूल खुरप्यासाठी. म्हणून केना कितीही काढा, पुढच्या पावसाला हजर. इतक्या तयारीनं आलेल्याशी भांडत बसण्यापेक्षा कोवळी पानं डाळीच्या पिठात बुडवून तळावीत.

सगळ्यांनाच मात्र मोकळं रान देता येत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम रॉबिन्सन नावाच्या आयरिश माळ्यानं 1870 मध्ये 'द वाइल्ड गार्डन' हे पुस्तक लिहिलं. कातरलेल्या, आखीव बागांचा त्याला कंटाळा आला होता. देशोदेशीची काटक फुलझाडं अशा ठिकाणी लावा, की पुढे ती आपली आपण वाढतील, असा त्याचा आग्रह होता. आमच्याकडे हा सल्ला धोक्याचा आहे, कारण आपली आपण वाढणारी परदेशी मंडळी आधीच मुबलक आहेत. गाजरगवत पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा लक्षात आलं. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आलं असं लोक सांगतात, त्यावरूनच ते काँग्रेस गवत झालं. आज यवतच्या स्टेशनापासून स्मशानापर्यंत त्यानं मोकळी ठेवलेली जागा दाखवणं कठीण. त्याच्यामुळे अंगाला खाज उठते, कुणाला दम लागतो, आणि जिथं ते माजतं तिथं दुसरं काही येत नाही.

गाजरगवताचा राग सगळ्यांनाच येतो. पंचाईत कॉसमॉसची आहे. तो केशरी-पिवळा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा, बागेत लावला म्हणून आला, आणि आता पुण्याच्या टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडांना सप्टेंबर-ऑक्टोबरात एकसलग दिसतो. लोक त्याच्यात उभं राहून फोटो काढतात आणि खाली लिहितात, 'रानफुलांचा बहर'. दिसतो सुरेख, नाही कशाला म्हणा. पण त्याच्या ताटव्यात वाकून बघा. विष्णुक्रांत नाही, खुळखुळा नाही, गवतसुद्धा कष्टानंच. परदेशी म्हणून मी त्याला काढत नाही. झेंडूही मेक्सिकोकडचाच, त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. पण तो पेरल्याशिवाय येत नाही आणि शेजाऱ्याला हुसकत नाही. दीपमाळ आफ्रिकेची. तिच्या दांड्याला टप्प्याटप्प्यानं काटेरी गोल गेंद लागतात, त्यांतून नारिंगी फुलं डोकावतात आणि जांभळा शिंजीर दिवसभर तिथंच घोटाळत असतो. तीही ठेवली. एकदांडी अमेरिकेतून आली, शाळेत गुडघा फुटला की तिचाच पाला चोळून लावायचो. तिलाही राहू दिलं. आलेल्यानं दुसऱ्याला जागा ठेवली तर तो पाहुणा, हा माझा हिशेब. कुणाला तो अशास्त्रीय वाटेल. वनस्पतिशास्त्रज्ञ याहून कडक असतात.

सापांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या भागात घोणस आहे, नाग आहे, आणि उसात बिबट्याही आहे. बिबट्या मात्र दोन हाताच्या पट्टीत मावत नाही एवढं मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. पट्टी दारापासून आणि रोजच्या वाटेपासून लांब ठेवावी, तिच्यालगत विटा-लाकडांचा ढीग करू नये, उंदीर माजतील असं खरकटं टाकू नये, आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नये. अंगणात अडगळ असताना हे सगळं करावं लागतंच. फुलं आली म्हणून वेगळं काही नाही.

अशा न खुरपलेल्या जागेला आपण सरळ पडीक म्हणतो. हा शब्द सरकारी कागदातही असाच वापरला गेला. गवताळ माळ म्हणजे उपयोग नसलेली जमीन, तिथं झाडं लावा, असं वर्षानुवर्षं चाललं, आणि ज्यांना झाडं नकोच होती त्या चिंकारा, लांडगा, माळढोक यांची घरं त्यात आक्रसली. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकारांसाठी राखलं गेलं; क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. अलीकडे वनविभागानं बारामती-इंदापूर भागात गवताळ माळाची सफारीही सुरू केली आहे, म्हणजे पडीकाला आता तिकीट लागतं. चांगलंच झालं. त्या माळावर सप्टेंबरात जी फुलं दिसतात, त्यांतली बरीचशी तुमच्या कुंपणाशी यायला तयार आहेत.

तेव्हा यंदा पोळ्यानंतर अंगणाच्या कडेची दोन हात जागा सोडून द्या. तिथं लाल माती आणून टाकू नका, पेव्हर बसवू नका, तणनाशक मारू नका. पाणीसुद्धा घालायचं नाही, ही फुलं पाण्याच्या बिलावर वाढलेली नाहीत. गाजरगवत आणि कॉसमॉस मात्र फुलायच्या आत मुळासकट काढा, गाजरगवत काढताना हातमोजे घाला, आणि जागा रिकामी झाली की तिथं टाकळ्याचं बी भिरकावून द्या. तो गाजरगवताला दाबतो. गेटजवळ रुई आपोआप उगवली तर उपटू नका, शनिवारी मारुतीला पानं होतील आणि बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्यांची सोय होईल. खुरपायला कुणी येत असेल तर त्यांची हजेरी बुडवू नका, नावं विचारून घ्या. आणि दसऱ्याला पूजेसाठी खुरपं खुंटीवरून खाली घेतलंत तरी पूजा झाली की परत टांगा. कुरडूचं बी सांडायला दिवाळी उजाडते.